अजून जरा धार हवी

भाऊसाहेबांची कातडी नाजूक होती आणि ही गोष्ट ते मुळीच लपवत नसत. उलट चारचौघांत अशा सुरात सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, नाजूक कातडी ही एखादी पदवी आहे आणि ती फक्त यांनाच मिळाली आहे. "तुम्हा लोकांचं बरं असतं," ते म्हणत. "कशानेही खरवडलं तरी चालतं." 'तुम्हा लोकां'मध्ये सगळी इमारत, सगळं कार्यालय आणि बायकोच्या माहेरची यच्चयावत मंडळी येत. खरं सांगायचं तर प्रकार काही मिरवण्यासारखा नव्हता. सकाळी दाढी झाली की गळ्यावर लाल पुरळ उठे, हनुवटीखाली आग होई आणि कार्यालयात पोचेपर्यंत कॉलरवर रक्ताचे ठिपके उमटलेले असत.

इतकी वर्षं हे खपून गेलं. पण आता विभागप्रमुख निवृत्त व्हायला आले होते. त्यांची केबिन काचेची होती आणि आत एक मागे रेलणारी खुर्ची होती. त्या खुर्चीत जो बसे त्याला सगळे 'साहेब' म्हणत. भाऊसाहेबांना मात्र भाऊसाहेबच म्हणत, आणि त्यातला 'भाऊ' त्यांना अलीकडे फार खुपायला लागला होता. ज्येष्ठतेने खुर्ची त्यांच्याकडेच यायची होती. फक्त काचेआड बसून दिवसभर सगळ्यांना दिसणाऱ्या माणसाचा गळा सोलल्यासारखा असून चालणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. साहेब व्हायच्या आधी त्यांना गळा सुधारून घ्यायचा होता.

विभाग होता पाण्याच्या मीटरांबद्दलच्या तक्रारींना उत्तरं देण्याचा. भाऊसाहेबांचं उत्तर म्हणजे उत्तर असे. ते आधी कच्चं लिहीत, मग पक्कं लिहीत, मग पक्क्यातल्या उणिवा शोधत, मग रात्रभर मुरायला ठेवत. ते टपालात पडेपर्यंत तक्रारदाराने बहुतेक घर बदललेलं असे. त्यांच्या हाताखालचा सहायक मात्र जेवणानंतर खुर्चीत बसल्या बसल्या पेंगे, आणि म्हणून त्याला सगळे डुलकी म्हणत. हा डुलकी एक डोळा उघडा ठेवून 'माणूस पाठवतो, मीटर बघून जाईल' एवढं खरडी आणि पाठवून देई. "यात ना आगा ना पिछा," भाऊसाहेब त्याला ऐकवत. "अरे, तुला लाज कशी वाटत नाही?" डुलकी म्हणे, "वाटते ना, भाऊसाहेब. पण तोवर पत्र गेलेलं असतं."

कातडीसाठी भाऊसाहेब प्रथम त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी गळ्यावर नजर टाकली न टाकली आणि म्हणाले, "रोज दाढी करू नका."

"मग कधी करू?"

"नाही केलीत तरी चालेल."

भाऊसाहेब ताडकन उठले. एवढं शिकलेला माणूस आणि सल्ला असला फुकटातला! निदान एखाद्या मलमाचं अवघड नाव तरी सांगायचं. घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं की वैद्यकशास्त्रात आता पूर्वीची माणसं राहिली नाहीत. बायको भाजी चिरत होती. ती म्हणाली, "अहो, त्यांनी सांगितलंय ते करून तर बघा." बायकोचं हेच चुकायचं. प्रश्नाला ती थेट उत्तरच देऊन मोकळी व्हायची.

खरा सल्ला मिळाला तो खालच्या मजल्यावरच्या प्राध्यापकांकडून. हे निवृत्त गृहस्थ धातुशास्त्र शिकवत असत आणि ऐकणारे विद्यार्थी हातचे गेल्यापासून जिन्यात कोणालाही गाठत. त्यांनी भाऊसाहेबांना कठड्याशी गाठलं. "दोष कातडीचा नाहीच. दोष त्या तीनपाती रेझरचा. पहिलं पातं केस धरून बाहेर ओढतं, दुसरं तो कापतं आणि तिसऱ्याला काम उरत नाही म्हणून ते कातडी कापतं. एकच पातं पाहिजे. वस्तरा! आणि त्याला धार अशी हवी, की कातडीला कळता कामा नये." हे सगळं ते छातीवर रुळणाऱ्या पांढऱ्या दाढीवरून हात फिरवत सांगत होते, पण ते भाऊसाहेबांना तेव्हा खटकलं नाही. 'कातडीला कळता कामा नये' हे शब्द त्यांच्या काळजाला जाऊन भिडले होते.

जुन्या वस्तूंच्या एका अंधाऱ्या दुकानात वस्तरा मिळाला. काळ्या मुठीचा, घडीचा, आरशासारखा लखलखीत. दुकानदाराने तो उघडला, आपल्याच मनगटावरून अलगद फिरवला आणि केस भुरभुर खाली पडले. "धार तयार आहे. घरी जा आणि दाढी करा."

"कोणत्या दगडावर लावली?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"दगडावर."

"दगड किती बारीक?"

"बारीक होता."

भाऊसाहेबांनी ओळखलं, माणूस अडाणी आहे. असल्या माणसाच्या धारेला आपला गळा द्यायचा म्हणजे काय! वस्तरा त्यांनी घेतला, पण ती धार तेवढी मनातल्या मनात नाकारली. आपली धार आपण लावणार, असं ठरवूनच ते घरी आले. गोष्ट खरं तर इथेच संपायला हरकत नव्हती. कोणीही शहाण्याने दुसऱ्या दिवशी दाढी केली असती आणि आपण सगळे आपापल्या कामाला लागलो असतो.

प्राध्यापकांनी पाठ दिला. वस्तरा आधी दगडावर पाजवायचा, मग चामड्याच्या पट्ट्यावर फिरवायचा. दगडावर जाताना धार पुढे आणि पाठ मागे. पट्ट्यावर बरोबर उलट, पाठ पुढे आणि धार मागे ओढली जायला हवी. टोकाला पोचलं की पाठीवरच कूस पालटायची. दाब नाही, घाई नाही. भाऊसाहेबांनी माना डोलावल्या. समजलेलं आहेच, पण मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून ऐकून घेतो, अशा त्या माना होत्या.

पट्टा म्हणून त्यांनी मेहुण्याने दिलेला कमरेचा पट्टा काढला. मेहुण्याची कोणतीही वस्तू वापरण्याच्या लायकीची नसते हे त्यांचं जुनं मत होतं, तेव्हा ही त्याला एक संधी होती. न्हाणीघराच्या दाराच्या बाहेरच्या कडीला पट्ट्याचं एक टोक बांधलं, दुसरं डाव्या हाताने ताणून धरलं आणि उजव्या हाताने वस्तरा सफाईदारपणे पुढे नेला. धार पुढे ठेवून. पट्टा मधोमध दुभंगला, भाऊसाहेब मागच्या मागे चपलांच्या कपाटावर जाऊन बसले आणि कपाटाने त्यांचा भार घ्यायला नकार दिला.

"माझ्या भावाने प्रेमाने दिलेला होता हो!" बायको धावत येऊन म्हणाली. तिने आधी पट्ट्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे, आणि सगळ्यांत शेवटी नवऱ्याकडे. हा क्रम भाऊसाहेबांच्या लक्षात राहिला.

"चामडंच हलकं," ते जमिनीवरून म्हणाले. "मला वाटलंच होतं."

दुसरा पट्टा चांगला जाड, पाहून पारखून आणला. त्याला तेल चोळून मऊ केलं. पुन्हा त्याच कडीला बांधला, कारण घरात दुसरी कडी नीट उंचीवर नव्हती. आता वस्तरा बरोबर दिशेने फिरू लागला, चटाक पटाक असा मोठा रुबाबदार आवाज येऊ लागला, आणि भाऊसाहेबांची समाधी लागली. पट्टा ताणला की कडी आपोआप बसते हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. राहायला आलेल्या सासूबाई आत होत्या, हेही नाही.

"जावईबापू," आतून आवाज आला, "दार उघडत नाहीये."

"आत्ता नको!" भाऊसाहेब ओरडले. "लय मोडते!"

सासूबाई सोशिक होत्या. त्यांनी आत बसून पुष्कळ वेळ वाट पाहिली, मग बालदी वाजवायला सुरुवात केली. मुलगी कॉलेजातून येईपर्यंत हे चाललं. तिने बापाच्या हातातला वस्तरा पाहिला, आतला बालदीचा आवाज ऐकला आणि शेजारच्या काकूंना बोलावून आणलं. काकूंनी इमारतीला बोलावलं. दार उघडलं तेव्हा सासूबाईंच्या स्वागताला बरीच मंडळी जमली होती. भाऊसाहेबांना अतिशय संताप आला. सासूबाई सुखरूप होत्या, पण पट्ट्यावरची फेरी अर्धीच राहिली होती.

नंतर सुरू झाल्या चाचण्या. धार लागली की नाही हे कसं कळणार? प्राध्यापक म्हणाले, हातावरचे केस निघतात का पाहा. भाऊसाहेबांनी रोज संध्याकाळी पाहिले. डावा हात सपाट झाला, मग पोटऱ्या झाल्या. प्रत्येक वेळी केस निघत आणि प्रत्येक वेळी भाऊसाहेब मान हलवत. "निघतात. पण मला कळतंय. कळता कामा नये." मग प्राध्यापकांनी अवघड चाचणी सांगितली. लांब केस चिमटीत धरायचा, धारेवर अलगद टेकवायचा आणि तो आपोआप तुटून पडला पाहिजे. भाऊसाहेबांच्या डोक्यावर तसं काही उरलं नव्हतं. बायकोने पदरच डोक्यावर घेतला आणि दिवसभर उतरवला नाही. मुलीचा एक केस मिळाला, पण तो तिने रंगवलेला होता, त्यामुळे निष्कर्ष ग्राह्य धरता येईना. शेवटी ते सासूबाईंपुढे उभे राहिले.

"अहो, मोजके उरलेत," सासूबाई कळवळून म्हणाल्या.

"म्हणूनच. बारीक असतात ते."

केस तुटला. भाऊसाहेबांच्या मते मात्र त्याने तुटायला किंचित वेळ लावला. पुन्हा दगड आला. असं करता करता धार इतकी पाजवली गेली, की एका संध्याकाळी प्राध्यापकांनी भिंग लावून पाहिलं आणि चुकचुक केलं. "अति झालं. धारेला झालर सुटलीय. पहिल्यापासून करा." खोटं कशाला बोला, हे ऐकून भाऊसाहेबांना मनातून बरंच वाटलं.

या सगळ्या दिवसांत त्यांनी दाढी केली नाही. रेझरला हात लावणं म्हणजे वस्तऱ्याशी बेइमानी आणि अपुऱ्या धारेला गळा देणं म्हणजे गळ्याशी. तेव्हा दाढी वाढली. आधी खुरटी, मग चांगली घनदाट, दोन्ही कानांपासून गळ्यापर्यंत. एका सकाळी चहा देता देता बायको थबकली. "अहो, तुमचं पुरळ पार गेलं की!"

भाऊसाहेबांनी गळ्यावरून हात फिरवला. खरंच गेलं होतं. खाज नाही, आग नाही, कॉलर स्वच्छ. "तो विषय वेगळा," ते म्हणाले आणि दगड भिजवायला गेले.

घोडं अडलं ते कार्यालयात. तिथे अलीकडेच दाराशी हजेरीचं यंत्र बसवलं होतं. त्याच्यासमोर तोंड धरायचं, मग आतून एक बाई गोड आवाजात म्हणे, "ओळख पटली." भाऊसाहेबांना एके दिवशी ती तितक्याच गोड आवाजात म्हणाली, "ओळख पटली नाही." त्यांनी तोंड पुढे नेलं, मागे घेतलं, हसून पाहिलं, दटावून पाहिलं. पटली नाही. मागे रांग लागली. शिपाई म्हणाला, "बाजूला व्हा, भाऊसाहेब, आमची तरी पटू द्या." त्यांच्या मागून डुलकी आला. त्याचे डोळे पुरते उघडलेलेही नव्हते, तरी बाईंनी त्याला झटक्यात ओळखलं. तोंडांची नोंदणी झाली त्या दिवशीही तो पेंगतच होता.

यंत्र सांभाळणारा माणूस एका खोलीत तारांच्या गुंत्यात बसलेला असे. भाऊसाहेब त्याला म्हणाले, "माझा नवा चेहरा घे."

"घेतो की. आधी यंत्रापुढे उभे राहून ओळख पटवा, मग चेहरा बदलता येतो."

"अरे, पटत नाही म्हणूनच तर बदलायचाय!"

"मग तुम्ही ते भाऊसाहेबच, हे कशावरून?"

"तू मला रोज बघतोस!"

"मी बघतो हो. यंत्राने बघायला पाहिजे ना."

भाऊसाहेब तिथून आस्थापना शाखेत गेले. तिथल्या बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि सहानुभूतीने सांगितलं, "तुम्ही आज आलेला नाही आहात."

"हा काय, तुमच्यापुढे उभा आहे!"

"ते दिसतंय मला. पण गैरहजर माणसाचं म्हणणं मला ऐकून घेता येत नाही. हजर असाल त्या दिवशी या."

उभ्या नोकरीत कधी उशिरा न आलेला माणूस, तो आता रोज सगळ्यांच्या आधी येत होता आणि रोज गैरहजर लागत होता. आणि साहेबांच्या जागी कोणाला बसवायचं ते याच महिन्यात ठरायचं होतं. घरी हे कळलं तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला. "अहो, त्या साध्या रेझरने एकदा काढून टाका! पुरळ उठेल, पुन्हा बसेल. खुर्ची गेली तर परत यायची आहे का?"

"आणि माझी एवढी मेहनत?"

"कसली मेहनत? तुम्ही त्याने अजून एकदाही दाढी केलेली नाही!"

"धार आत्ता कुठे आकाराला येतेय," भाऊसाहेब दुखावल्या आवाजात म्हणाले. आपल्या घरात आपली कदर नाही हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं, तरी ते दर वेळी नव्याने लागायचं.

शेवटी मोठ्या बाईंनी बोलावलं. सगळं कार्यालय यांच्या हाताखाली होतं आणि त्या फारशा बोलत नसत. त्यांनी विचारलं, हजेरीचा काय घोळ आहे. भाऊसाहेबांनी खुलासा केला. खुलासा कातडीपासून सुरू झाला, तीन पात्यांवरून दगडावर आला, दगडावरून पट्ट्यावर गेला. धार पुढे कधी आणि मागे कधी हे त्यांनी बाईंच्या पट्टीने टेबलावर करून दाखवलं. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही, त्यामुळे त्यांना वाटलं, बाईंना विषयाची गोडी लागली.

"म्हणजे एवढे दिवस तुम्ही दाढी करायची तयारी करताय," बाई म्हणाल्या.

"तयारी पूर्ण होत आलीय, बाई."

"वस्तरा घेतलात तेव्हा कसा होता?"

भाऊसाहेब घुटमळले. "दुकानदार म्हणत होता, तयार आहे. पण दुकानदार काय..."

"बरं," बाई म्हणाल्या. "या तुम्ही."

दुसऱ्या दिवशी खुर्ची डुलकीला मिळाली. बातमी आली तेव्हा तो टेबलावर डोकं ठेवून झोपला होता आणि त्याला हलवून उठवावं लागलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊसाहेबांनीही वाजवल्या, कारण न वाजवलेल्या दिसल्या असत्या. त्या संध्याकाळी ते घरी आले. त्यांना अपमान वाटत होता, संताप वाटत होता, पण त्यापलीकडे साधं दुःख वाटत होतं, लहान मुलाला वाटतं तसं. ती खुर्ची त्यांना फार मनापासून हवी होती. जेवण त्यांनी अर्धंच केलं आणि पट्ट्याकडे फिरकलेही नाहीत.

सकाळी ते तिरमिरीतच न्हाणीघरात शिरले. आता कसली चाचणी आणि कसलं काय! कोमट पाण्याने दाढी भिजवली, कात्रीने वरवर कापली, फेस फासला, वस्तरा उघडला आणि सरळ गालाला लावला. काहीच झालं नाही. म्हणजे त्यांना वाटलं, काहीच झालं नाही. आरशात पाहिलं तर वस्तरा गेला होता तिथे गाल मोकळा झाला होता, लोण्यासारखा मऊ. त्यांनी दुसरा हात मारला, तिसरा मारला. कातडीला काही म्हणता काही कळलं नाही. ना आग, ना ओरखडा. एक अख्खी बाजू झाली, गळ्यापर्यंत. भाऊसाहेब आरशात पाहत राहिले आणि त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं, की हे पहिल्या दिवशीही असंच झालं असतं. तो विचार त्यांना सोसवेना. त्यांनी चटकन वस्तरा दुसऱ्या गालाला लावला आणि तिथे, कानाशी, जरासं अडखळल्यासारखं वाटलं. मनापासून हायसं वाटून ते पट्ट्याकडे वळले.

"झालं का हो?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"एक बाजू झाली. दुसरीला अजून जरा धार हवी."

कार्यालयाची वेळ झाली तरी दुसरी बाजू तशीच होती. साधा रेझर बायको हातात घेऊन उभी होती. त्याच्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. वस्तरा, पट्टा आणि साबण पिशवीत टाकला. उरलेलं कार्यालयात करू म्हणाले, आणि अर्धी दाढी घेऊन जिना उतरले. प्राध्यापक वर येत होते. त्यांनी एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता बाजूला झाले.

यंत्रापुढे भाऊसाहेबांनी मान तिरकी करून तुळतुळीत गाल पुढे केला. "ओळख पटली," यंत्रातल्या बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांनी ऐकलेला तो आवाज, पण त्यांना काडीचाही आनंद झाला नाही. आता पटून उपयोग काय होता?

ते तडक हात धुवायच्या खोलीत गेले. पट्टा नळाला अडकवून वस्तरा फिरवू लागले तोच डुलकी तोंडावर पाणी मारायला आला. कोरा शर्ट, नवी टाय, पहिला दिवस. त्याने भाऊसाहेबांकडे पाहिलं आणि त्याची झोप उडाली. भाऊसाहेब टोमण्याची वाट पाहत ताठ उभे राहिले. डुलकीने मात्र बोट पुढे केलं आणि त्यांच्या गालाला हलकेच लावलं.

"अयाई! किती मऊ!" तो म्हणाला. "आग होत नाही?"

"कळतसुद्धा नाही," भाऊसाहेब तुटकपणे म्हणाले.

डुलकीने इकडेतिकडे पाहिलं, टाय सैल केली आणि कॉलरचं बटण उघडलं. आत त्याचा गळा हनुवटीपासून खाली लालेलाल होता. भाऊसाहेबांचा कधी झाला नसेल इतका. "कोणाला सांगितलं नाही कधी," तो म्हणाला. "लाज वाटते. सकाळी रडू येतं हो, दाढी करताना. आज तर दिवसभर त्या काचेत बसायचं." मग तो अगदी हळू म्हणाला, "भाऊसाहेब, माझी करून द्याल?"

भाऊसाहेबांच्या ओठांवर नकार आला होता, चांगला धारदार. हाच तो माणूस. पेंगत पेंगत खुर्चीत जाऊन पडलेला. आणि आपण याची दाढी करायची? पण एवढ्या दिवसांत, घरात, इमारतीत, कार्यालयात, त्यांच्या वस्तऱ्यावर विश्वास टाकणारा हा पहिलाच माणूस निघाला होता. त्यांनी पट्टा नळावरून सोडवला. "चल," ते म्हणाले.

केबिनमध्ये डुलकीने खुर्ची मागे रेलवली, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि डोळे मिटले. भाऊसाहेबांनी फेस केला, निगुतीने फासला. काचेपलीकडे सगळा विभाग कामं टाकून पाहत होता. शिपाई, आस्थापनेच्या बाई, तारांच्या खोलीतला माणूस, सगळे. आत मागे रेललेली खुर्ची, खुर्चीत नवा साहेब आणि त्याच्या मागे अर्ध्या दाढीचे भाऊसाहेब, हातात वस्तरा. कोणी हसलं नाही, आणि भाऊसाहेबांना ते हसण्यापेक्षाही जास्त लागलं.

वस्तरा टेकला. लाल गालावरून तो पाण्यासारखा सरकला. डुलकी हललासुद्धा नाही. "कळत नाहीये," तो पुटपुटला, आणि त्याच्या आवाजात इतकं सुख होतं, की भाऊसाहेबांना आनंद झाला. खरा, पोटातून आलेला आनंद. या माणसापुढे आपल्याला आनंद व्हावा याची त्यांना तेवढीच शरमही वाटली. एक गाल झाला, दुसरा झाला. या वेळी धार कुठे अडखळली नाही की त्यांना पट्टा आठवला नाही. डुलकीचा श्वास संथ झाला, तोंड किंचित उघडलं, हनुवटी छातीवर टेकू लागली. आता गळा उरला होता आणि तो दिसेनासा झाला होता. भाऊसाहेबांनी घसा खाकरला. एकदा काचेकडे पाहिलं. मग वाकून, झोपमोड होणार नाही अशा बेताने, ते त्याच्या कानाशी म्हणाले, "मान जरा वर घ्या, साहेब."